गॅरेज किट (काइजू प्रतिकृती)

गॅरेज किट : चाहत्याने किंवा छोट्या कार्यशाळेने मूळ नमुना हाताने घडवून, सिलिकॉनच्या साच्यात रेझिन (मिसळल्यावर घट्ट होणारे द्रव प्लास्टिक) ओतून, मोजक्या नगांत विकलेला प्रतिकृतीचा सुटा संच. तो घासणे, जोडणे आणि रंगवणे हे घेणाऱ्याचे काम. आज बाजारातले बरेच संच ॲनिमे पात्रांचे असले, तरी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही प्रथा जपानमध्ये रुजली ती मोठ्या प्रमाणात काइजूंमुळे, म्हणजे तोकुसात्सु (विशेष दृश्यपरिणामांच्या) चित्रपट-मालिकांतल्या अवाढव्य राक्षसांमुळे.

त्याआधी गोडझिला काय किंवा टीव्ही मालिकेतला नायक अल्ट्रामॅन याचे शत्रू काय, विकत मिळत ते मारुसान आणि पुढे बुलमार्क यांच्या मऊ व्हिनाइलच्या खेळण्यांच्या रूपात. ती गोलमटोल, भडक रंगांची आणि मुलांच्या हाताला सोसतील अशी होती. 1966 सालच्या अल्ट्रा मालिका पाहत वाढलेली पिढी 1980 च्या सुमारास कमावती झाली आणि तिला पडद्यावर दिसला होता तसाच राक्षस हवा होता. त्याच वर्षी ‘उचूसेन’ हे तोकुसात्सुला वाहिलेले मासिक निघाले. ओसाकात 1964 साली लहानशा मॉडेल-दुकानापासून सुरू झालेली काइयोदो, 1982 मध्ये ओसाकातच विज्ञानकथाप्रेमी तरुणांनी काढलेले जनरल प्रॉडक्ट्स आणि इनोउए आर्ट्स ही या पहिल्या लाटेतली प्रमुख नावे.

राक्षस नव्हे, सूट. बाहेरच्याला सहसा न कळणारी गोष्ट अशी, की चांगला काइजू संच प्राण्याची प्रतिकृती नसतो. तो एका विशिष्ट वर्षी विशिष्ट चित्रपटासाठी बनवलेल्या, नटाने अंगात घालायच्या रबरी सूटची प्रतिकृती असतो. चाहत्यांनी गोडझिलाच्या प्रत्येक सूटला वेगळे नाव दिले आहे : 1954 चा ‘शोदाइगोजी’, 1962 चा ‘किंगोजी’, 1964 चा ‘मोसुगोजी’, 1989 चा ‘बिओगोजी’. 1954 च्या सूटला कान होते आणि पायाला चार बोटे. 1962 मध्ये कान गेले, बोटे तीन झाली. दोन्ही परतले ते थेट 1984 मध्ये. 1989 च्या सूटला दातांच्या दोन ओळी आहेत. मोसुगोजीच्या भुवया जाड, नजर दुष्ट, आणि चित्रीकरणात वरचा जबडा ढिला झाल्याने ओठ थरथरताना दिसतो. हाच सूट थोड्या फरकाने त्याच वर्षीच्या किंग गिदोराच्या चित्रपटात पुन्हा वापरला गेला. त्यामुळे ‘कोणत्या चित्रपटातला?’ हा प्रश्न एकाच सूटबाबतही उरतोच. गुडघ्यामागची रबराची चुणी आणि पाठीच्या कंगोऱ्यांचा क्रम शिल्पकार छायाचित्रांवरून टिपतो. चुण्या पुसून ‘खराखुरा सरडा’ घडवणाऱ्यांचे काम कौशल्याचे असेल, पण या वर्तुळात त्याला मान कमीच मिळतो.

एका दिवसाचा परवाना. गोडझिलाचे हक्क तोहो या चित्रपट कंपनीकडे, अल्ट्रामॅनचे त्सुबुराया या निर्मितीसंस्थेकडे. वीस-तीस नग विकणाऱ्या चाहत्याला नेहमीचा व्यापारी करार परवडत नाही. यावर जनरल प्रॉडक्ट्सने 1985 पासून भरवलेल्या ‘वंडर फेस्टिव्हल’मध्ये तोडगा निघाला : हक्कदार कंपनी फक्त त्या दिवशी, त्या जागेपुरता विक्रीचा परवाना देते. विक्रेत्याने काही महिने आधी आयोजकांमार्फत अर्ज करायचा, नमुन्याची छायाचित्रे, नगसंख्या आणि किंमत कळवायची, मंजुरी आल्यावर स्वामित्वशुल्क भरायचे. काही कंपन्या नगागणिक चिकटवायचे शिक्केही देतात. दुसऱ्या दिवशी तोच संच विकणे बेकायदा, आणि पुढच्या खेपेला अर्ज पुन्हा नव्याने. पहाटेच्या रांगा लागतात त्या यामुळेच. नमुना वेळेत पुरा झाला नाही, तर मंजुरी हुकते आणि टेबल रिकामे राहते. 1992 पासून हा मेळा काइयोदो भरवते. हिवाळा आणि उन्हाळा असा वर्षातून दोनदा तो होतो. 2008 च्या ऑगस्टमध्ये तोक्यो बिग साइट येथे सरकत्या जिन्याचा अपघात झाला आणि 2009 पासून तो चिबातल्या माकुहारी मेस्से येथे हलला.

साचा आणि ओतकाम. मूळ नमुना पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी पुट्टीचा, नाहीतर भट्टीत कडक होणाऱ्या पॉलिमर मातीचा. तो सांधा लपेल अशा जागी कापतात : मान, काखा, मांडीचा वरचा भाग, शेपटीचे वळे. प्रत्येक भाग तेलमातीत अर्धा पुरतात, भोवती मातीत खुणेचे खळगे पाडतात आणि कडेने ठोकळ्यांची चौकट उभी करतात. सिलिकॉनच्या 100 भागांना ब्रँडप्रमाणे साधारण 1 ते 4 भाग हार्डनर लागतो. मिश्रण एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओततात, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. पहिला अर्धा भाग घट्ट झाल्यावर (8 ते 24 तास) माती काढून त्यावर विलगक (दोन थर चिकटू न देणारा पदार्थ) लावतात आणि दुसरा अर्धा ओततात. विलगक लावायचा राहिला तर दोन्ही अर्धे एकजीव होतात आणि नमुना सुरीने खोदून काढावा लागतो. प्लॅटिनमवर घट्ट होणारे सिलिकॉन गंधकयुक्त तेलमातीला लागून चिकट राहते, म्हणून तिथे गंधकविरहित माती हवी.

युरेथेन रेझिनचे ‘अ’ आणि ‘ब’ द्रव बहुधा वजनाने समसमान घेतात. मिसळल्यापासून 90 ते 180 सेकंदांत ओतून मोकळे व्हायचे. अर्ध्या तासाच्या आत भाग निघतो, थंडीत जास्त वेळ लागतो. ओलावा हा मोठा शत्रू आहे. उघड्या राहिलेल्या डब्याने हवेतले पाणी शोषले, की भाग फेसाळून पावासारखा फुगतो. जपानी पावसाळ्यात हा त्रास हमखास होतो. काइजूची खरी डोकेदुखी म्हणजे पाठीचे कंगोरे आणि नखे. पातळ टोकांत हवा अडकते, म्हणून टोके खाली येतील असा साचा धरतात किंवा हवेला वाट कोरतात. साच्याला आतून टाल्कम पावडर लावली, तर रेझिन सापटींत नीट शिरते. खवल्यांच्या खोबणी रेझिनला धरून ठेवतात, त्यामुळे साचा लवकर फाटतो. सुमारे 20-30 ओतांनंतर तो बाद समजावा.

जोडणी. प्रथम भाग मोजावेत, कारण बोट किंवा दात हरवलेला संच परवानादिनानंतर भरून मिळणे कठीण. विलगकाचा तेलकट थर भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने काढला नाही, तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. वाकलेली शेपटी 70-80 अंशांच्या पाण्यात मऊ करून सरळ करतात आणि थंड पाण्यात धरून ठेवतात. साच्याची रेघ 240, 400, 600 अशा वॉटर पेपरने, पाणी लावून घासायची. कोरडी भुकटी फुप्फुसांना घातक असल्याने मास्क लागतोच. जड भाग नुसत्या गोंदावर टिकत नाही. दोन्ही बाजूंना ड्रिलने भोक पाडून 2-3 मिमीची पितळी तार घालतात. सांध्यावर इपॉक्सी पुट्टी भरून, ती ओली असतानाच शेजारच्या खवल्यांचा ठसा उमटवतात. हे न केल्यास गळ्याभोवती गुळगुळीत पट्टा दिसतो. नवशिक्याचे काम लांबून ओळखू येते ते यावरूनच.

मग रेझिनचा प्रायमर आणि रंग. गोडझिलाला हिरवा रंगवणे हा खेळण्यांनी आणि भित्तिचित्रांनी पसरवलेला गैरसमज आहे. जुने सूट कोळशाच्या राखाडी रंगाचे, आणि कंगोऱ्यांची टोके हाडासारखी पांढुरकी. गडद थर एअरब्रशने मारून, जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी उंचवट्यांवर ओढतात.

मऊ व्हिनाइलचे संच वेगळे. त्यांना धातूचे साचे लागतात, म्हणून नगसंख्या मोठी. तोक्योची बिलिकेन शोकाइ अशा संचांसाठी प्रसिद्ध आहे. कडा हेअर ड्रायरने तापवून कापतात, पाय वजनाने वाकू नयेत म्हणून आत प्लास्टर भरतात. रंग व्हिनाइलसाठीचाच हवा. इतर अनेक रंग प्लॅस्टिसायझरमुळे (व्हिनाइल मऊ ठेवणाऱ्या द्रव्यामुळे) वर्षानुवर्षे चिकट राहतात.

या वर्तुळातून काही जण थेट चित्रीकरणगृहात पोहोचले. संच घडवणारे शिनादा फुयुकी यांनी 2001 चा गोडझिला सूट साकारला, तर 2016 च्या संगणकी गोडझिलाचा प्रारूप-पुतळा ताकेया ताकायुकी यांचा. आता बरेच शिल्पकार संगणकावर घडवून त्रिमितीय मुद्रण करतात. थरांच्या रेघा घासून काढल्या, की पुढचा सिलिकॉनचा खटाटोप तोच. विकत घेतलेल्या संचावरूनच साचा काढून नक्कल विकण्याची चोरीही जुनीच आहे. अशी नक्कल मुळाहून किंचित लहान भरते आणि खवल्यांच्या कडा बोथट होतात, त्यामुळे अस्सल भागाशेजारी ठेवली की ती पकडता येते.