कोयनेचं पाणी आणि विआंडेनचं पाणी

लक्झेंबर्गच्या वीजकेंद्रांच्या क्षमतेचा तक्ता उघडला की ‘जलविद्युत’ या रकान्यात १,३०० मेगावॉटच्या वरचा आकडा असतो. देश गोव्याहूनही लहान, २,५८६ चौरस किलोमीटरचा. लोकसंख्या सात लाखांच्या आत. मग पुढचं वाक्य ठरलेलंच: “लक्झेंबर्गची बहुतेक वीज पाण्यापासून तयार होते.” हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की आता ते खोडून काढल्याशिवाय राहवत नाही.

हा देश स्वतःला लागणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा बाहेरून घेतो, आणि तोही मुख्यतः जर्मनीकडून. १,३०० मेगावॉट हा आकडा तर त्याच्या सरासरी मागणीच्या कितीतरी वर आहे. ती सगळी खरोखर नदीच्या पाण्याची वीज असती, तर एवढी आयात कशाला करावी लागली असती? गोंधळ होतो तो साधी जलविद्युत आणि उदंचन जलविद्युत (म्हणजे पंपाने वर चढवलेल्या पाण्याची वीज) एकाच रकान्यात लिहिल्यामुळे.

साधी जलविद्युत मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पावसाळ्यात कोयनेचा शिवसागर जलाशय भरतो, पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. लक्झेंबर्गमध्येही अशी केंद्रं आहेत. एश-सूर-स्युरच्या धरणावर एक आहे, त्याच नदीवर खाली रोस्पोर्टला दुसरं, आणि मोझेल नदीवर ग्रेव्हेनमाखरसारखी काही. सगळ्यांची मिळून क्षमता चाळीस मेगावॉटच्याही आत. कोयना प्रकल्पाच्या १,९६० मेगावॉटपुढे ती कुठे उरते ते सांगायला नको.

मग उरलेले साधारण १,३०० मेगावॉट कुठले? ते एकट्या विआंडेनचे. जर्मनीच्या सीमेवरून वाहणाऱ्या ऊर नदीकाठचं हे गाव. नदीवर एक बांध घालून खालचा जलाशय केला आहे. शेजारच्या सेंट निकोलस टेकडीच्या माथ्यावर बांधीव वरचे जलाशय आहेत आणि डोंगराच्या आत खोदलेल्या गुहेत यंत्रं. खाली-वर मिळून साधारण २८० मीटरचा फरक. १९६४ साली केंद्राचं उद्घाटन झालं तेव्हा नऊ यंत्रं होती, पुढे दोन वाढली.

इथे जरा थांबावं लागेल, कारण वाचक नेमका इथेच फसतो. पाणी वरून खाली पडतं, टर्बाइन फिरतं, वीज येते. डोळ्यांना सगळं कोयनेसारखंच दिसतं. पण टेकडीच्या माथ्याला कुठलीही नदी येऊन मिळत नाही. ते पाणी विजेचे पंप लावून खालून वर चढवलेलं असतं. विजेची मागणी कमी आणि वीज मुबलक, अशा वेळी पंप चालवायचे. मागणी वाढली की तेच पाणी सोडून द्यायचं. पुन्हा वर, पुन्हा खाली. कोयनेचं पाणी एकदा खाली उतरलं की गेलं. विआंडेनचं पाणी तेच ते राहतं.

आणि या फेऱ्यात वीज वाढत नाही, घटते. पंपाला चार युनिटं दिली तर परत साधारण तीनच मिळतात. चौथं युनिट पंपात, नळांतल्या घर्षणात आणि यंत्रांत जातं. म्हणजे वर्षभराचा जमाखर्च मांडला तर विआंडेन हे वीज खाणारं केंद्र ठरतं. त्यातून बाहेर पडणारं प्रत्येक युनिट आधी दुसरीकडे कुठेतरी तयार झालेलं असतं. सुरुवातीच्या काळात ती प्रामुख्याने जर्मन औष्णिक केंद्रांची रात्रीची शिल्लक वीज होती, कारण कोळशाचे बॉयलर रात्री झटकन विझवता येत नाहीत. आता भर दुपारी सौर विजेचा पूर येतो, तीही पंपांना मिळते. पंप कोळशाच्या विजेवर चालले असतील, तर ‘पाण्याची वीज’ म्हणून जे बाहेर येतं ती कोळशाचीच वीज. मधे तिने फक्त टेकडीवर मुक्काम केलेला असतो.

शिवाय हे केंद्र थेट जर्मन ग्रीडला जोडलेलं आहे. १९५८ साली लक्झेंबर्ग आणि सीमेपलीकडचं ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेट राज्य यांच्यात करार झाला, त्यातून ते उभं राहिलं. ते चालवणाऱ्या कंपनीत लक्झेंबर्ग सरकार आणि आरडब्ल्यूई ही जर्मन कंपनी असे दोन मोठे भागीदार आहेत. जमीन लक्झेंबर्गची, काम मुख्यतः जर्मन ग्रीडचं. लक्झेंबर्गच्या नावावर ती क्षमता दिसते ती केवळ जागेमुळे.

यावर काहीजण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: “मग हा तोट्याचा धंदा!” हेही मला मान्य नाही. दुपारच्या नको असलेल्या युनिटाची आणि संध्याकाळी सातच्या युनिटाची किंमत सारखी नसते. ग्रीडमध्ये अचानक तूट आली तर अशी यंत्रं काही मिनिटांत पूर्ण भार उचलतात. कोळशाच्या केंद्राला तासन् तास लागतात. एक युनिट गमावून वेळ विकत घेता येते, आणि त्या वेळेला मोल आहे. विआंडेन मला मनापासून आवडतं, म्हणूनच त्याला चुकीच्या नावाने हाक मारलेली खपत नाही.

अक्षय ऊर्जेच्या हिशेबात युरोपीय संघ अशा पंपाने चढवलेल्या पाण्याची वीज धरत नाही, आणि ते बरोबरच आहे. पवनचक्कीची वीज एकदा पवनचक्कीपाशी मोजली. तीच टेकडीवरून उतरताना पुन्हा मोजली तर एक युनिट दोनदा लिहिल्यासारखं होईल.

आपल्याकडे याचा नमुना घाटघर आहे, २५० मेगावॉटचा. वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं कड्याखाली चोंढ्याला शहापूर तालुक्यात. जलसंपदा खात्याच्या कागदांवर ‘उदंचन’ हा नेमका शब्द आहे, तरी बातमीत तो गाळून ‘जलविद्युत प्रकल्प’ छापतात. आता सह्याद्रीत असे अनेक प्रकल्प येऊ घातले आहेत आणि प्रत्येक बातमीत “इतक्या मेगावॉटची वीजनिर्मिती” असं वाचायला मिळतं. मेगावॉट म्हणजे नळ किती मोठा एवढंच. टाकी केवढी ते युनिटांत सांगावं लागतं, आणि उदंचन प्रकल्पात खरी विचारायची गोष्ट टाकीच आहे.

विआंडेनची टाकी साधारण ५० लाख युनिटांची आहे. सगळी यंत्रं पूर्ण वेगाने सोडली तर चारेक तासांत ती रिकामी होते. त्यानंतर कुणीतरी वीज देऊन पंप चालवेपर्यंत डोंगरातली यंत्रं थांबून राहतात.