फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीमागचं परळ

प्रेग्नन्सी कन्फर्म झाली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पहिलं नाव येतं फोलिक अ‍ॅसिडचं, तीन महिने झाले की आयर्न येतं, मग कॅल्शियम, आणि घरात एखादी आत्या हमखास म्हणते, "आमच्या वेळी नव्हत्या बाई असल्या गोळ्या." खरं तर होत्या, सरकारी कार्यक्रमात लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी 1970 पासून आहे, आत्यांपर्यंत ती पोचली नसेल हे शक्य आहे. पण त्या गोळीची गोष्ट सुरू कुठे झाली तर मुंबईत, गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या रक्तातून, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

साल 1928. गिरणगाव जोरात चालू होतं, हजारो बायका वाइंडिंग-रीलिंग खात्यात उभ्या राहून काम करायच्या आणि दिवस भरत आले तरी सुट्टी परवडायची नाही म्हणून जात राहायच्या. यातल्या आणि एकूणच मुंबईतल्या गरीब घरांतल्या कितीतरी गरोदर बायकांना भयंकर अ‍ॅनिमिया व्हायचा, चेहरा पांढराफटक, धाप, पायांवर सूज, आणि बऱ्याच जणी बाळंतपणाच्या आधी किंवा लगेच नंतर दगावायच्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर या बायकांचा अभ्यास करत होत्या, त्यांनी लंडनहून लूसी विल्स नावाच्या डॉक्टरला बोलावून घेतलं आणि या बाई परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागल्या.

विल्सबाईंची पद्धत मला फार आवडते कारण त्यांनी एकेक संशय घेऊन तो तपासला. आधी वाटलं जंतुसंसर्ग असेल, तो निघाला नाही. मग तळपदे नावाच्या सहकारी डॉक्टरबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायका काय खातात, कशा राहतात याचा सर्व्हे केला, तर दिसलं की जिथे ताटात भाजी, फळं, दूध, मांस नावालाही नाही तिथे हा आजार जास्त आहे, त्यातही पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायकांमध्ये जास्त. म्हणजे गडबड खाण्यात आहे इतपत कळलं, पण ताटात नेमकं काय कमी आहे ते कळायला अजून वेळ होता. ए आणि सी व्हिटॅमिन देऊन पाहिली, फरक नाही. मग उंदरांना या बायकांसारखंच निकस अन्न घालून पाहिलं, पुढे माकडांवर प्रयोग केले, आणि एका अगदीच खालावलेल्या माकडाला मार्माइट दिलं तर ते चक्क उठून बसलं!

मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, काळपट, खारट, इंग्रज लोक ब्रेडला लावतात ते. स्वस्त होतं, ही महत्त्वाची गोष्ट, कारण तेव्हा अ‍ॅनिमियावर लिव्हर एक्स्ट्रॅक्ट द्यायचे ते महाग पडायचं. बायकांना मार्माइट दिल्यावर तीन-चार दिवसांत त्यांना भूक लागायला लागली आणि रक्तातल्या नव्या तांबड्या पेशी वाढायला लागल्या. हे सगळं 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्या अज्ञात घटकाला विल्स फॅक्टर असंच म्हणायला लागले. पुढे 1941 मध्ये अमेरिकेत टेक्सासला शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढला, तेच हे फोलिक अ‍ॅसिड, आणि 1945 च्या सुमारास लेडर्ली कंपनीत तो कृत्रिमरीत्या बनवला गेला, तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमचे. परळचा प्रश्न, पालकाची भाजी आणि एक आंध्रचा माणूस, इतक्या हातांतून ती बारीकशी गोळी आली.

त्याआधी आपल्याकडे काहीच नव्हतं असं नाही हं. चरक-सुश्रुतात गर्भिणीने महिन्यामहिन्याला काय खावं याचं वर्णन आहे, दूध, लोणी, तूप, आणि चौथ्या महिन्यापासून बाईचे डोहाळे पुरवावेत असं सुश्रुत बजावून सांगतो. डोहाळजेवण, ओटी, सातव्या महिन्यात माहेरी पाठवणं, यात बाईला जरा बसू द्या, तिच्या आवडीचं खाऊ द्या हा शहाणपणा आहेच, आज ज्याला मेंटल हेल्थ म्हणतात तेच. पण दूध-लोणी ज्यांच्या घरात होतं त्यांच्यासाठी होतं ते. आणि त्याच परंपरेत दुसरंही एक चालत आलंय, की पोटुशीने जास्त खाऊ नये, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल. म्हणजे एकीकडे लाड आणि दुसरीकडे ताटात अर्धी भाकरी कमी. हे खेड्यात अजूनही ऐकायला मिळतं आणि मला विचाराल तर पपई-बिपईच्या भीतीपेक्षा यानं कितीतरी जास्त नुकसान केलंय.

आता विश्रांतीचं बघा. विल्सबाई मुंबईत आल्या त्याच वर्षी, जुलै 1928 मध्ये, मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती रजेचं बिल आलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचा मुद्दा असा की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला पाहिजे, पण सरकार उचलत नाही तोवर मालकाकडून घेणंही चुकीचं नाही. 1929 ला कायदा झाला, मुंबई इलाख्याचा, देशातला अशा प्रकारचा पहिला. गिरणीमालकांनी कुरकुर केली, आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांमधल्या बायकांची संख्या घटत गेली त्यामागे नवी यंत्रं, रात्रपाळीची बंदी यांच्याबरोबर हेही एक कारण सांगितलं जातं. सगळ्या देशासाठीचा कायदा 1961 मध्ये आला, 12 आठवड्यांचा, आणि 2017 मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे झाली. ऑफिसात जाणाऱ्या मैत्रिणींना हे माहीत असतं. ऊसतोडीला गेलेल्या बाईला यातलं काय मिळतं हे वेगळं सांगायला नको, ती आजही 1928 च्या गिरणीतल्या बाईच्याच जागी उभी आहे.

गोळीकडे परत येते. फोलिक अ‍ॅसिड आधी फक्त अ‍ॅनिमियासाठी होतं. बाळाच्या मणक्याचं आणि मेंदूचं व्यंग त्यानं टळतं हे पक्कं झालं 1991 मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीत, ज्या बायकांना आधी असं बाळ झालं होतं त्यांना गोळी दिली तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं. यातली गोम अशी की बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली का नुसतीच लांबली याचा आपण विचार करत असतो तेव्हाच. म्हणूनच डॉक्टर सांगतात की बाळाचा विचार करताय ना, मग आधीपासूनच सुरू करा.

लोहाचा डोस मात्र वरखाली होत राहिला. आधी 60 मिलिग्रॅम, मग 1992 च्या सुमारास 100, आणि 2018 च्या अ‍ॅनिमियामुक्त भारत या सरकारी कार्यक्रमात परत 60, रोज एक लाल गोळी, गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर 180 दिवस. एवढं करूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52 टक्के गरोदर बायका अ‍ॅनिमिक निघाल्या. गोळी घरात असते पण पोटात जात नाही, कारण मळमळतं, शौचाला घट्ट आणि काळं होतं, कुणी सांगितलेलं नसतं की काळं होणारच, मग घाबरून बंद. आणि घेतली तरी वर लगेच चहा, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेल्या वरणभाताबरोबर लागतं. कॅल्शियमची गोळी पण त्याच वेळी नको, दोघींत काही तासांचं अंतर ठेवा.

आणि आता पुण्याची गोष्ट, जी मला विल्सबाईंच्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते. 1993 पासून पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदर राहायच्या आधीपासून अभ्यास केला. बाळांचं वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5, पण आपली बाळं हडकुळी दिसली तरी अंगात चरबी त्या मानानं जास्त, पुढे डायबिटीसला आमंत्रण. बाळाच्या वजनाचा संबंध आईच्या एकूण कॅलरीशी दिसलाच नाही, तो दिसला पालेभाजी, फळं आणि दुधाशी. मेथी, चाकवत, चवळई, राजगिरा, शेताच्या बांधावरची भाजी! विल्स-तळपदेंनी मुंबईत जे गायब आहे म्हणून लिहिलं होतं तेच.

पण याज्ञिकांना अजून एक सापडलं. या बायकांच्या रक्तात फोलेट, म्हणजे फोलिकच्या गोळीतलंच व्हिटॅमिन, बरं होतं, बी 12 व्हिटॅमिन मात्र निम्म्याहून जास्त जणींत कमी. आणि ज्या आईचं बी 12 कमी आणि फोलेट जास्त तिच्या मुलांमध्ये सहा वर्षांच्या वयात इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. बी 12 दूध, अंडी, मटण-मासे यातच मिळतं, शाकाहारी घरात बहुतेक दुधावरच भागतं आणि ते दूधही चहापुरतं. त्यामुळे फोलिकच्या गोळीबरोबर बी 12 तपासून घ्या असं जे आता काही डॉक्टर म्हणतात ते या गावांमधल्या कामामुळेही आहे. त्याच टीमनं 2012 मध्ये पुढची चाचणी सुरू केली ती गरोदर बायकांवर नाही, त्याच गावांतल्या लग्नाआधीच्या मुला-मुलींवर, ते आई किंवा बाप व्हायच्या कितीतरी आधी त्यांना बी 12 द्यायची.