पॅरामीटरचे नामकरण

प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतील (भाषेसोबतच येणाऱ्या तयार कोडमधील) मेथडना, म्हणजे नाव घेऊन चालवायच्या कामांना, बाहेरून माहिती घेण्यासाठी ज्या जागा (प्राचले) ठेवलेल्या असतात, त्यांना नावे देण्याचे संकेत. पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट यांत नवशिक्याचा हमखास घोळ होतो. कोकण किनाऱ्यावर तो होडीवरून सोडवता येतो. होडी ज्याच्या हुकमाने चालते तो तांडेल. आज एक, उद्या दुसरा, शब्द तोच. तांडेल हे पॅरामीटर, आज चढलेला माणूस हे आर्ग्युमेंट, म्हणजे त्या जागी प्रत्यक्ष दिलेली माहिती. नाव भूमिकेवरून द्यावे, प्रकारावरून नको, असे स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. ‘माणूस’ म्हटले तर चूक नाही, पण त्यात खलाशीही आला.

जावात मेथड वापरणारा पॅरामीटरचे नाव लिहीतच नाही, आर्ग्युमेंटे क्रमाने जातात. जावा ८ मध्ये (२०१४) आलेला खास पर्याय दिला नाही, तर संकलित (कंपाइल केलेल्या) फाइलमध्ये ही नावे सहसा उरतही नाहीत. पायथन, कोटलिन, सी-शार्प यांत मात्र नाव घेऊन आर्ग्युमेंट देता येते. मराठीला ही सोय जुनीच आहे: ‘तांडेलाने खलाशाला जाळे दिले’ यातले शब्द हवे तसे फिरवा, देणारा ‘ने’वरून आणि घेणारा ‘ला’वरून कळतोच. स्मॉलटॉक या भाषेत आर्ग्युमेंटच्या आधी येणारे ‘अ‍ॅट’, ‘पुट’ असे शब्द मेथडच्या नावाचाच भाग असतात. ऑब्जेक्टिव्ह-सीमार्गे ही रीत स्विफ्टमध्ये उतरली. तिथे खूणशब्द आधी येतो, आपला प्रत्यय मागून.

नाव असे लोकांच्या कोडमध्ये जाऊन बसले की बदलणे कठीण. (तांडेल हे पदसुद्धा किनाऱ्यावर आडनाव होऊन बसले आहेच.) म्हणून पायथन ३.८ मध्ये (२०१९) तिरप्या रेघेची खूण आली: रेघेच्या आधीचे पॅरामीटर नावाने देता येत नाहीत, त्यामुळे लायब्ररीला ते बदलण्याची मोकळीक राहते. पूर्णांक बनवणाऱ्या ‘इंट’ला पहिले आर्ग्युमेंट ‘एक्स’ या नावाने देण्याची सोय ३.७ मध्येच काढली होती. उलटही घडते. स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) ‘रिप्लेस’मधला ‘काउंट’ ३.१३ पासून (२०२४) नावाने देता येतो.

पायथनची शैली पेप ८ हा मार्गदर्शक दस्तऐवज (२००१) ठरवतो: लहान अक्षरे, शब्दांमध्ये अधोरेषा, मेथडचा पहिला पॅरामीटर ‘सेल्फ’ (ज्या वस्तूवर ती चालते ती), क्लासवर चालणाऱ्या मेथडमध्ये ‘सीएलएस’. पण घरच्याच ‘लॉगिंग’ मोड्यूलमध्ये ‘मॅक्सबाइट्स’, ‘बॅकअपकाउंट’ ही नावे मध्येच मोठे अक्षर घेऊन उभी आहेत. ती नियमाबाहेरची, तरी जुन्या कोडसाठी तशीच ठेवलेली.

पायथन ३.० पासून (२००८) नावे देवनागरीतही चालतात. मासेमारीचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘वाऱ्याचा_वेग’ असा पॅरामीटर ठेवायला हरकत नाही, फक्त ‘ऱ्या’ टंकताना जपावे. नुक्त्याचा ‘ऱ’ वापरला तर चालते. साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून तोच आकार काढला, तर दिसायला फरक नसतो आणि पायथन ते नाव नाकारतो.