पितृभावाची प्रार्थना (ख्रिस्ती)

देवाला प्रेमळ पिता मानून, लेकराने बापाशी बोलावे तशी केलेली प्रार्थना. तिचा नमुना म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' (मत्तय ६:९-१३, आखूड रूपात लूक ११:२-४). देवाला पिता म्हणणे यहुदी परंपरेला नवे नव्हते. बाप मुलांवर ममता करतो तसा परमेश्वर करतो, असे १०३ वे स्तोत्र सांगतेच. येशूने मात्र प्रार्थनेची सुरुवातच या हाकेने करायला लावली.

खोलीत जा, दार लावून घे आणि मग प्रार्थना कर, असे तो आधी सांगतो. कळव्याच्या किंवा कोपरखैरण्याच्या एका खोलीच्या घरात हे कसे जमावे, हा प्रश्न आहेच. पण लगेच शिकवलेली प्रार्थना 'आमच्या' पित्याला उद्देशून आहे. भाकरी मागायची ती सगळ्यांसाठी, आणि क्षमा मागताना आपणही इतरांना क्षमा केलेली असावी. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने याच 'आमच्या'वर भर दिला.

ज्याच्या घरी बाप दारुडा किंवा मारकुटा, त्याला ही हाक जड जाते. येशूने जगातल्या बापांना आदर्श मानलेले नाही. तुम्ही वाईट असूनही मुलाने भाकर मागितली तर धोंडा देत नाही, मग स्वर्गीय पिता किती अधिक देईल, असा त्याचा युक्तिवाद आहे (मत्तय ७:९-११). मागितलेले सगळे मिळते, असाही याचा अर्थ नव्हे. गेथशेमाने बागेत 'अब्बा, बापा' म्हणत त्याने दुःखाचा प्याला दूर करण्याची विनवणी केली. तो प्याला टळला नाही.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ही प्रार्थना असते. बिशप हीबर यांनी १८२५ साली समर्पित केलेल्या तिथल्याच प्रोटेस्टंट सेंट जेम्स चर्चच्या उपासनेतही ती असते. कॅथलिक घरांत संध्याकाळच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, दहा-दहा मण्यांच्या प्रत्येक गटाआधी ती येते. नगरकडून आलेल्या मराठी प्रोटेस्टंट कुटुंबांच्या घरगुती प्रार्थनासभेत 'हे प्रेमळ पित्या' अशी सुरुवात करून जो तो आपल्या शब्दांत बोलतो: मुलाची नोकरी, आईचे ऑपरेशन, खोलीचे भाडे. शेवट 'येशूच्या नावाने मागतो, आमेन' असा होतो. लग्नात किंवा दफनविधीला दोन्हीकडची मंडळी जमली की गंमत होते. वाइटापासून सोडवण्याच्या मागणीपाशी कॅथलिक थांबतात. प्रोटेस्टंट मात्र राज्य, पराक्रम व गौरव ही तुझी आहेत, हे वाक्य म्हणत पुढे जातात. मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते वाक्य नाही.

मराठी ख्रिस्ती भक्तीत बापाच्या जोडीला आईही आली, आणि ते स्वाभाविकच होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) वारकरी वळणाने अभंग लिहीत. त्यांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटले. त्याला पवित्र शास्त्राचाही आधार आहे: आई सांत्वन करते तसे मी तुमचे करीन, असे देव यशया ६६:१३ मध्ये म्हणतो.