वीतभर अंतर आणि भिंतीला टेकवलेल्या गाद्या

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या दिवाणखान्याचे रंगकाम नुकतेच संपले होते आणि सामान अजून जागेवर लावले नव्हते. त्या मोकळ्या खोलीत भाचीने एक अभंग म्हटला. पेटी ती स्वतःच वाजवत होती, तबल्याला शेजारचे काका होते आणि मोबाइल समोर अडीच मीटरांवर स्टुलावर ठेवला होता. चित्र सुरेख आले. ऐकायला बसल्यावर मात्र ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ कानाला लागेना, डग्ग्याचा घुमारा सगळ्यावर पसरला होता आणि पेटीखाली गळा दबून गेला होता. आता चांगला माइक विकत घ्यायला हवा, असे घरात एकमताने ठरले. मला ते पटले नाही, कारण बिघाड मोबाइलमध्ये नसून त्या अडीच मीटरांत आणि त्या उघड्या भिंतींत आहे, असे मला वाटत होते.

गाणाऱ्याच्या तोंडातून निघालेला आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. एक थेट, आणि दुसरा भिंती, छत व फरशी यांवर पुन्हा पुन्हा आपटून. थेट आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ती एक चतुर्थांश उरते, ध्वनितज्ज्ञांच्या मापाने ६ डेसिबेलने उतरते. तोंडापासून २० सेंटिमीटरांवरचा माइक २.४ मीटरांवर नेला, तर अंतर बारा पट होते आणि थेट आवाजाची तीव्रता १४४ पटींनी कमी होते. आपटून येणारा आवाज मात्र खोलीत सगळीकडे जवळपास सारखाच भरून राहतो. त्यामुळे माइक जसजसा दूर जातो, तसतसे गाणे कमी आणि खोली जास्त ऐकू येऊ लागते.

खोली किती घुमते हे मोजण्याची रीत वॉलेस सॅबिन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने घालून दिली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहाचे काम त्याच्याकडे आले. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात बुडून जात. सॅबिनने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या उश्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडत गेला आणि ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवल्यावर तिचा आवाज विरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून, निव्वळ कानाच्या भरवशावर मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे. खोलीचे घनफळ घनमीटरांत घेऊन ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतल्या पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने (चौरस मीटरांतले क्षेत्रफळ गुणिले शोषणाचे प्रमाण) भागायचे, की घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो.

हे सूत्र आमच्या दिवाणखान्याला लावून पाहू. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा खोलीचे घनफळ ३६ घनमीटर होते. गिलावा आणि फरशी आवाज जेमतेम तीन टक्के शोषतात, म्हणून ६६ चौरस मीटर पृष्ठभागाचे एकूण शोषण अवघे दोन एकक भरते आणि आवाज विरायला जवळपास तीन सेकंद लागतात. याच आकड्यांवरून आणखी एक अंतर काढता येते, जिथे थेट आवाज आणि घुमणारा आवाज समसमान होतात. रिकाम्या दिवाणखान्यात ते सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे एक वीतसुद्धा नाही! त्या स्टुलावरच्या मोबाइलने भाचीचे गाणे टिपलेच नव्हते, त्याने टिपल्या होत्या नव्याने रंगवलेल्या भिंती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीच बैठक झोपायच्या खोलीत मांडली. चार कापसाच्या गाद्या भिंतींना उभ्या टेकवल्या, खाली सतरंजी आणि तिच्यावर दोन गोधड्या अंथरल्या, खिडकीचा जाड पडदा ओढला आणि कपड्यांच्या कपाटाची दारे सताड उघडी ठेवली. खोली दिवाणखान्याएवढीच धरली, तर एवढ्याने आणि बसलेल्या माणसांमुळे शोषण नऊ एककांच्या घरात जाते, घुमण्याचा काळ पाऊण सेकंदाच्या आत येतो आणि ते समसमान अंतर एका हाताच्या जवळ पोहोचते. सॅबिनच्या उश्या आणि आपल्या गाद्या यांत भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

गाद्यांनाही मर्यादा आहे. शोषक थराची जाडी ध्वनिलहरीच्या लांबीच्या पाव भागाजवळ असली, तर तो चांगले काम करतो. १००० हर्ट्झच्या सुराची लहर ३४ सेंटिमीटर लांब असते, तिला जाड गादी आवरते. डग्ग्याच्या १०० हर्ट्झच्या आसपासच्या घुमाराची लहर साडेतीन मीटरांची भरते आणि गादीतून सहज पार होते. बोटभर जाडीचा स्पंज किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवून तो घुमारा जाईल ही समजूत म्हणूनच चुकीची आहे, आणि त्यावर पैसे घालवू नयेत असे मी आवर्जून सांगेन. त्याऐवजी तबला कोपऱ्यातून काढावा. खालच्या सुरांचा दाब कोपऱ्यात सर्वांत जास्त साठतो, त्यामुळे तबलजी मीटरभर पुढे सरकले तरी फरक लगेच कळतो.

तबल्याच्या बाबतीत ही काळजी घेण्याला आणखी एक कारण आहे. साध्या चामड्याच्या पडद्याचे उपस्वर एकमेकांशी सुरेल प्रमाणात नसतात. तबल्याच्या शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलामुळे, ते त्या प्रमाणात येतात आणि म्हणून तबला सुरात लावता येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवले. तबल्याच्या ‘ना’ या बोलाची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा सूर, घुमणाऱ्या खोलीत पहिल्यांदा हरवते.

आता माइककडे वळू. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी विद्युतभार कायम धरून ठेवणाऱ्या पातळ पटलाचा इलेक्ट्रेट माइक तयार केला. आज काहीशे रुपयांना मिळणारे कॉलर माइक बहुधा याच जातीचे असतात आणि वीत-दीड वीत अंतरावरून ते गळा समाधानकारक टिपतात. तोही घ्यायचा नसेल, तर घरातला जुना मोबाइल फक्त आवाजासाठी गाणाऱ्याजवळ ठेवावा आणि चित्रीकरणाचा मोबाइल खुशाल दूर असावा. आम्ही तसेच केले. जुना मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर, भाचीच्या हनुवटीच्या किंचित खाली आणि पेटीच्या भात्यापासून बाजूला, असा ठेवला.

मोबाइलच्या दोन सवयी मात्र मोडाव्या लागतात. आवाज हलका झाला की तो आपोआप वाढवायचा आणि मोठा झाला की दाबायचा, ही पहिली. तिच्यामुळे दोन ओळींमधल्या विरामात पंख्याची घरघर वर येते आणि समेवरच्या थापेचा जोर जातो. दुसरी सवय गोंगाट गाळण्याची. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे ती आज्ञावली धरून चालते आणि तानपुऱ्याचा आवाज नेमका तसाच असल्याने तो कुरतडला जातो. बोलणे टिपण्यासाठी केलेली ही सोय गाण्याच्या मुळावर येते. म्हणून हाताने पातळी ठरवू देणारे आणि डब्ल्यूएव्ही स्वरूपात, म्हणजे आवाज न आवळता, साठवणारे ध्वनिमुद्रणाचे ॲप वापरावे. सर्वांत जोरकस तान आणि थाप वाजवून पाहावी आणि ॲपमधल्या पातळीदर्शकाचा काटा उणे १२ डेसिबेलच्या (शून्य ही आवाज फुटण्याची सीमा) वर जाणार नाही एवढीच पातळी ठेवावी. कमी पातळीचा आवाज मागाहून वाढवता येतो, पण फुटलेला आवाज कशानेही सांधत नाही.

चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी सुरुवातीला दोन्ही मोबाइल चालू करून भाचीने एक स्वच्छ टाळी वाजवली. चित्रात तळवे मिळाल्याचा क्षण आणि आवाजाच्या आलेखातला उंच सुळका, हे दोन्ही संगणकावर एकावर एक आणून ठेवले. दोन मोबाइलांची घड्याळे अगदी एका चालीने चालत नाहीत, त्यामुळे लांबलचक गाण्यात काही मिलिसेकंदांचे अंतर पडू शकते. ते तपासता यावे म्हणून शेवटीही एक टाळी घेतली. मग गाण्यासाठी बंद ठेवलेला पंखा पुन्हा लावला, मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर डग्गा ऐकूच येत नसल्याने इअरफोनचे एक एक बोंडूक भाचीने आणि मी कानात घातले, आणि पहिल्याच ओळीत तो ‘ठ्ठ’ जिभेवरून सुटताना ऐकू आला.