पावडर कोटिंग : लेपाचा टिकाऊपणा

धातूच्या भागावर विद्युतभारित कोरडी भुकटी फवारून ती भट्टीत वितळवून बसवलेल्या रंगलेपाला पावडर कोटिंग म्हणतात. दुचाकीचे स्टँड, फूटरेस्ट, अवजारांचे सांगाडे, लोखंडी कपाटे अशा भागांवर हा लेप देतात. मराठवाड्यात हे काम मुख्यतः छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत चालते. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुट्या भागांच्या लहान कारखानदारीला तिथे बळ मिळाले.

लेपाचे आयुष्य पावडर फवारायची गन हातात घेण्याआधीच, धुलाईच्या टाक्यांत ठरते. जॉबवरचे (म्हणजे रंगवायच्या भागावरचे) तेल काढणे, आम्लाने गंज काढणे, लेप धरून ठेवणारा फॉस्फेटचा थर चढवणे आणि दर टप्प्यानंतर पाण्यात खंगाळणे, असा हा क्रम असतो. कारागीर त्याला ‘सेव्हन टँक’ म्हणतात. तेल गेले की नाही हे पाहायची साधी खूण आहे. पत्रा पाण्यातून वर काढल्यावर पाणी अखंड पडद्यासारखे ओघळले तर तो स्वच्छ. थेंब-थेंब होऊन तुटले तर तेल अजून आहे.

मराठवाड्यात खरी अडचण शेवटच्या पाण्याची असते. बोअरचे पाणी जड. ते जॉबवर सुकले की क्षार मागे राहतात, वरून लेप बसतो आणि त्या दिवशी माल झकास दिसतो. पुढे दमट हवेत तेच क्षार लेपातून ओल आत ओढतात आणि बारीक फुगे उठतात. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या युनिटमध्ये पाण्याची जात खेपेगणिक बदलते. म्हणून शेवटची धुलाई क्षारमुक्त पाण्याने, म्हणजे डीएम वॉटरने, करावी. हा खर्च वाचवणे सर्वांत महागात पडते.

लेप साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडीचा ठेवतात आणि बहुधा १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटे भाजतात. ही वेळ धातू तापल्यापासून मोजायची असते, भट्टी तापल्यापासून नव्हे. भाग टांगायच्या हँगरवर जुन्या पावडरीची पुटे साचली की अर्थिंग, म्हणजे भागाची जमिनीशी असलेली विद्युतजोडणी, तुटते आणि पावडर नीट धरत नाही. आतल्या कोपऱ्यांत ती पोचत नाही, धारदार कडांवर लेप पातळ पडतो. गंज तिथूनच शिरतो.

इपॉक्सी पावडर गंजाला चांगली अडवते, पण उन्हात तिच्यावर खडूसारखी भुकटी धरते. मराठवाड्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो, तेव्हा उघड्यावरच्या भागांना पॉलिएस्टर पावडरच हवी. इथल्या लेपाची गाठ ऊन, चिकट काळी माती आणि खताशी पडते. मडगार्डच्या आत बसलेला ओला चिखल दिवसेंदिवस वाळत नाही. त्यात युरियाचे कण असले तर ओल आणखी टिकते.

पोपडा निघाला तर तो उलटा करून पाहावा. पाठ तांबूस असेल तर गंज न काढताच रंग दिला होता. स्वच्छ असेल आणि खाली चकचकीत पत्रा दिसत असेल तर फॉस्फेट बसलेच नव्हते किंवा तेल राहिले होते. असा भाग पूर्ण खरवडून पुन्हा करावा लागतो. खड्याने उडालेला टवका मात्र घरीही सावरता येतो: पॉलिश पेपरने उघडा धातू दिसेपर्यंत घासायचे, रेड ऑक्साइड प्रायमर लावायचा, वर ब्रशने रंग, आणि हे सारे मृगाच्या पावसाआधी.