सेरिफ आहे म्हणून मजकुराला चालेलच असं नाही

‘सेरिफ फॉन्ट वाचायला सोपा, म्हणून लांब मजकुराला कुठलाही सेरिफ चालतो’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे (सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेली छोटी रेघ). बोदोनी हा सेरिफ फॉन्ट लावून पाहा, हा समज लगेच डळमळतो.

इटलीतल्या पार्मामध्ये जांबातिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) यांनी घडवलेल्या या रोमन अक्षरांत उभ्या रेघा (खांब) जाड आणि सेरिफ मात्र केसासारखे बारीक, सपाट, खांबाला जवळजवळ काटकोनात जोडलेले. मथळा, मुखपृष्ठ, निमंत्रणपत्रिका इथे हा विरोध फार देखणा दिसतो. तोच साचा ९ पॉइंटसारख्या लहान आकाराला आणला की बारीक रेघा विरून जातात आणि उरते नुसत्या खांबांची रांग.

यात बोदोनींचा दोष नाही, बरं का! ते प्रत्येक आकाराचे ठसे वेगळे कोरत, लहान अक्षरांत जाड-बारीक फरक कमी ठेवत. बऱ्याच डिजिटल आवृत्त्या मात्र एकच आराखडा लहान-मोठा करतात. आयटीसी या फॉन्ट-कंपनीची १९९४ची आयटीसी बोदोनी याला अपवाद. तिच्यात ६, १२ आणि ७२ पॉइंटसाठी निरनिराळे आराखडे आहेत. परिच्छेदात बोदोनीच हवा असेल तर १२चा घ्या, तळटीपांना ६चा, आणि ओळींमधलं अंतर थोडं सैल ठेवा.